लोखंडाच्या तालुक्यात सोन्याचं यंत्र

गडचिरोलीतल्या एटापल्लीहून गट्ट्याकडे निघालेली गाडी मधेच थांबली की कारण कुणी विचारत नाही. पुढे आरओपी, म्हणजे रस्ता तपासणारी जवानांची तुकडी, चाललेली असते. रस्त्याच्या दोन्ही कडांनी पांगलेले जवान आणि त्यांच्या पुढे एकजण, कानांवर हेडफोन, हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला थाळीसारखी चकती. चकती जमिनीपासून चार बोटं वर, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, कुणी भात कापतो तशा लयीत. ड्रायव्हर इंजिन बंद करतो. मागच्या सीटवरचा माणूस पन्नी काढून खर्रा घोटायला घेतो. पोरं झोपलेली असतात ती झोपूनच राहतात. मोठ्यांचं लक्ष मात्र त्या चकतीकडे असतं, आणि गाडीतल्या प्रत्येकाची मनातली इच्छा एकच असते, की ते वाजू नये.

मेटल डिटेक्टर या वस्तूशी आमची ओळख ही अशी. त्यामुळे माझ्या भाच्यानं ऑनलाइन मागवलेलं पार्सल अंगणात फोडलं, आतून तसाच दांडा आणि तशीच चकती निघाली, तेव्हा माझी आई ओट्यावरून उठून आतच गेली.

"सोन्याचं यंत्र आहे आजी," भाचा म्हणाला. "लोक समुद्रावर फिरवतात. अंगठ्या, चेना सापडतात."

"मंग समुद्रावर जा न," आतून उत्तर आलं. "इथं काहून आणलं?"

प्रश्न बिनतोड होता. पुढचं वर्षभर आम्ही मामा-भाचे या ना त्या वाटेनं त्याच्याच मागे होतो.

भाच्यानं मोबाइलवर परदेशातले पुष्कळ व्हिडिओ पाहिले होते. त्यातलं तंत्र खोटं नाही. समुद्रकिनाऱ्यावर सोनं हरवतं त्याला साधी कारणं आहेत. पाण्यात बोटं गार पडून आकसतात, अंगाला तेल किंवा क्रीम लावलेलं असतं, आणि लाटेशी खेळताना अंगठी कधी निसटली ते कळतही नाही. सोनं वाळूपेक्षा सातपट जड. लाट वाळू हलवते, सोनं मात्र हळूहळू खाली बसत जातं आणि कडक थर लागला की तिथं थांबतं. म्हणून जाणते लोक ओहोटीच्या वेळी निघतात, तेही वादळानं किंवा उधाणानं किनाऱ्याची वरची वाळू ओढून नेली असेल त्यानंतर. पाणी जिथं खोलगट पट्टा करून जातं तो पट्टा धरतात. चकती जमिनीला जवळजवळ टेकवून, सावकाश, आधीच्या फेऱ्यावर थोडी चढवत फिरवतात. शेत नांगरताना तास सुटू देत नाहीत, तसंच. हेडफोन लावायचा, कारण खोलवरच्या वस्तूचा आवाज लाटेच्या आवाजात बुडतो. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत कळते, चांगल्या यंत्राला थोडी अधिक. चित्रपटात दाखवतात तसं पुरुषभर खोलीचं काही या यंत्राला दिसत नाही.

आतलं काम विजेचं आहे. चकतीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला की भोवती बदलतं चुंबकी क्षेत्र तयार होतं. ते धातूवर पडलं की धातूत विजेचे छोटे भोवरे उठतात, त्या भोवऱ्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र परत येतं आणि दुसरं वेटोळं ते टिपतं. परत आलेली लहर किती उशिरानं आली यावरून यंत्र अंदाज बांधतं, की हे लोखंड, हे तांबं, ही चांदी. गंमत सोन्याची आहे. लहान अंगठीचा अंदाज आणि कोल्ड्रिंकच्या डब्याच्या ॲल्युमिनिअमच्या कडीचा अंदाज जवळजवळ एकाच घरात पडतो. कचरा नको म्हणून ते घर बंद केलं तर अंगठीही गेली. ज्याला सोनं हवं त्याला कड्या खणाव्याच लागतात. भाच्याच्या यंत्राच्या पडद्यावर त्या घरावर सोनेरी अक्षरं लिहिलेली होती, आणि विकणाऱ्याचा सगळा धंदा त्या अक्षरांवर उभा होता.

पहिली चाचणी बांडिया नदीच्या पात्रात झाली. उन्हाळ्यात नदी एका कडेला सरकते आणि वाळू उघडी पडते. एटापल्लीला त्यातल्या त्यात बीच म्हणता येईल असं तेवढंच. रस्त्याच्या कडेला, पुलाजवळ किंवा जंगलात चकती फिरवायची नाही, ही अट मी आधीच घातली होती. पुलापाशी वाकून माती उकरणारा तरुण हे दृश्य आमच्या तालुक्यात सरळ नजरेनं बघितलं जात नाही, आणि राखीव जंगलात खणणं हा वनकायद्यानं गुन्हा आहे. म्हणून जिथं बाया कपडे धुतात आणि पोरं पोहतात तेवढाच घाट घेतला.

यंत्र सुरू केलं आणि ते वाजायलाच लागलं. थाळी उजवीकडे नेली तरी वाजे, डावीकडे नेली तरी वाजे, हवेत उचलली की गप्प. पहिल्या तासात आम्ही सात खड्डे खणले. चार खड्ड्यांत काहीच नव्हतं. दोन खड्ड्यांत बाटलीची बुचं निघाली. सातव्यात सुपारीएवढा जांभळट तपकिरी दगड निघाला. तो हातावर घेतला की यंत्र ओरडे, फेकला की थांबे.

"मामा, दगड वाजून राह्यला न!"

दगड वाजणारच. आमच्या तालुक्याच्या पोटात लोखंड आहे. सूरजागडची डोंगररांग हेमॅटाइटची. आज त्या खनिजाचे ट्रक आलापल्लीच्या रस्त्यानं दिवसरात्र जातात आणि सागाची पानं पार लाल होतात. त्या डोंगरावर माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे, जानेवारीत त्याची यात्रा भरते, पट्टीतल्या गावागावांतून माणसं चालत येतात. खाणीचा पट्टा २००७ चा, पण डोंगर खणणं सोपं गेलं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथं पाऊणशेच्या आसपास गाड्या एका दिवसात जाळल्या. २०२१ पासून काम जोरात आहे. या सगळ्याबद्दल लिहायला वेगळा लेख लागेल. इथं सांगायचं एवढंच, की या डोंगरांवरून येणारा प्रत्येक ओहोळ लोखंडाचा चुरा घेऊन येतो. तांबड्या मुरमाड मातीतले काही लोहकण चुंबकी स्वभावाचे असतात आणि ते धातूसारखेच उत्तर देतात. डिटेक्टरवाल्यांच्या भाषेत आमचा तो जांभळा दगड म्हणजे 'हॉट रॉक'.

यावर उपाय यंत्रातच असतो, तो म्हणजे ग्राउंड बॅलन्स. जिथं धातू नाही अशी जागा शोधायची, चकती पाण्यात हात बुडवल्यासारखी वरखाली करायची, आणि मातीचा आवाज शून्यावर येईपर्यंत बटण फिरवायचं. म्हणजे यंत्राला सांगायचं, ही इथली माती, हिचं बोलणं धरू नकोस. भाच्यानं हे व्हिडिओत पाहिलं होतं, पण तो भाग कंटाळवाणा म्हणून पुढे ढकलला होता. अर्धा तास बटणाशी झटापट केल्यावर बांडियाची वाळू गप्प झाली. आवाज खाली आणला तशी यंत्राची पोचही खाली आली. लोखंडाच्या मातीत खोलवरचं बारीक सोनं या स्वस्त यंत्राला कळणार नाही, हे त्याच दिवशी नक्की झालं होतं. भाच्याला मात्र ते मान्य नव्हतं.

यंत्राखाली काय आहे हे न बघता यंत्रावर विसंबणं ही चूक फार जुनी आहे. या यंत्राचा जन्मच तिच्यात झाला. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात राहिली आणि डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी घाईघाईनं वेटोळ्यांचं एक उपकरण जुळवलं आणि ते रुग्णाच्या अंगावरून फिरवलं. आवाज आला, पण एका जागी येईना, सगळीकडूनच येई. अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारा होत्या हे बेल यांना नंतर कळलं. शिवाय मुख्य डॉक्टरांनी गोळी उजवीकडे आहे असं धरून तीच बाजू तपासू दिली. गोळी होती डावीकडे. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. यंत्र नीट चालत होतं, चुकीची होती ती खाट.

पुढे हे यंत्र रणांगणावर गेलं. युझेफ कोसात्स्की या पोलिश अभियंत्यानं दुसऱ्या महायुद्धात हातात धरून चालवायचा सुरुंगशोधक बनवला, आणि १९४२ मध्ये अल अलामेनच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्यानं तो वापरला. वाळूत धातू शोधणाऱ्या माणसाचं ते चित्र आज सुट्टीतल्या छंदाचं वाटतं, पण त्याच्या मागे सुरुंग आहेत. आमच्याकडे ते सुरुंग अजून मागे पडलेले नाहीत.

१ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालक असे १६ जण गेले. त्या आठवड्यात गडचिरोलीत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. बॉम्ब शोधक पथकात बरीच वर्षं काढून घरी बसलेला एक ओळखीचा माणूस आहे. भाच्याचं यंत्र हातात घेऊन त्यानं उलटंसुलटं पाहिलं, चकतीचा स्क्रू थोडा आवळला, आणि सांगितलं ते असं: खिळाही वाजतो, बूचही वाजतं, तुटलेला फाळही वाजतो, आणि प्रत्येक वेळी तेवढंच जपून बसावं लागतं. शंभराव्या खिळ्याला कंटाळा आला की संपलं. शिवाय समोरचाही शिकतो. धातू कमी वापरला की यंत्र मुकं होतं, मग श्वान लागतं, डोळे लागतात, परवा नव्हती ती ओली माती आज का दिसते एवढं लक्षात ठेवावं लागतं. "तुमचं बरं आहे," भाच्याला तो म्हणाला, "तुम्हाला वाजलं की आनंद होतो."

हे दिवस आता बदलत आहेत, असं म्हणायला जागा आहे. १ जानेवारी २०२५ ला अहेरीहून गर्देवाड्याला पहिल्यांदा एसटी गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात भूपती या बड्या माओवादी नेत्यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. रस्त्यावरची थाळी मात्र अजून फिरते, आणि ती फिरत राहावी असंच गाडीतल्या सगळ्यांना वाटतं.

हिवाळ्यात रत्नागिरीचा योग आला. भाची तिथं नर्सिंग शिकते. राज्याच्या या टोकाहून त्या टोकाला जाताना भाच्यानं कपड्यांपेक्षा यंत्राला बॅगेत जास्त जागा दिली. रत्नागिरीची खुबी अशी, की किल्ल्याच्या एका अंगाला पांढरा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला, मांडवीकडे, काळा समुद्र. वाळूच्या रंगावरून पडलेली नावं. चाचणी घ्यायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही.

पांढऱ्या समुद्रावर, भरतीच्या रेघेच्या वर, कोरड्या वाळूत यंत्र शहाण्यासारखं वागलं. बुचं, चमचा, छत्रीची काडी, दोन रुपयांची तीन नाणी. आता ओल्या वाळूत उतरलं तर पुन्हा बांडिया! मिठाचं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे एकाच लहरीवर चालणारं साधं यंत्र त्यालाच धातू समजतं. समुद्रावर मुरलेले लोक अनेक लहरींवर चालणारी किंवा झटक्याझटक्यानं प्रवाह सोडणारी वेगळी यंत्रं वापरतात. हे झटक्यांचं, म्हणजे पल्स यंत्र मीठ आणि काळी वाळू बऱ्यापैकी सोसतं, बदल्यात खिळा आणि अंगठी यांत भेद करत नाही. मांडवीला तर बोलायलाच नको. तिथली वाळू काळी दिसते ती इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटमुळे, म्हणजे पुन्हा लोखंडाचेच सोयरे. भाच्यानं चुंबकाचा तुकडा वाळूत फिरवला, त्याला काळी दाढी फुटली. हजार किलोमीटर येऊन पुन्हा एटापल्लीच!

एक आजोबा जिलेटिनच्या पिशवीत मासे घेऊन चालले होते. थांबून बराच वेळ पाहत राहिले.

"काय हरवलंय हो तुमचं?"

"काही नाही, शोधतोय," भाचा म्हणाला.

"हरवलं नाही तर शोधताय काय?" असं म्हणून ते गेले.

आजोबांच्या प्रश्नाला उत्तर देणारी यंत्राची पुण्याई जगात आहे, नाही असं नाही. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतात किंगाउअरजवळ एका माणसाला डिटेक्टरनं २७ किलोंचा सोन्याचा गोळा सापडला, तोही जमिनीखाली हातभर खोलीच्या आत. २००९ मध्ये इंग्लंडात स्टॅफर्डशायरच्या एका शेतात अँग्लो-सॅक्सन काळातला सोन्या-चांदीचा मोठा साठा निघाला. तिथं अशा शोधाला कायदा आहे, मोबदला आहे, संग्रहालय आहे. आपल्याकडेही कायदा आहे, १८७८ चा. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. सोनं ग्रामला दहा हजारांच्या पुढे गेल्यावर दहा रुपयांचं सोनं म्हणजे एक मिलिग्रामसुद्धा नाही. ते सापडायलाच भिंग लागेल. पण कायदा कागदावर शाबूत आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागतो.

या कायद्यापेक्षा आपल्याकडे गुप्तधनाची कथा जुनी आणि जोरदार. विदर्भातल्या कुठल्याही पडक्या गढीपाशी जा, चौथऱ्याला खड्डा दिसेल. आमच्या जिल्ह्यात वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणींचा उल्लेख थेट 'आईन-ए-अकबरी'त आहे, त्यामुळे इथल्या धनाच्या गोष्टींना थोडा तरी पाया आहे. बाकी सगळा अंजनाचा खेळ. पायाळू माणसाला जमिनीखालचं धन दिसतं, अंगठ्यावर काजळ लावलं की हंडा दिसतो, मग हंडा हलतो, मग तो काही तरी मागतो. त्या मागण्यापायी माणसांचे जीव गेले आहेत. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाचा शब्द स्पष्ट घालावा लागला.

आता पायाळू माणसाची जागा यंत्र घेतं आहे, आणि मला याची भीती जास्त वाटते. भाच्याच्या मोबाइलवर दोन अँटेना लावलेल्या पिस्तुलासारख्या वस्तूंच्या जाहिराती येतात: शंभर मीटरवरचं सोनं दाखवते, माती कुठलीही चालेल. असलं काही भौतिकशास्त्रात बसत नाही. जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या इंग्रज माणसानं एडीई ६५१ या नावाची अशीच अँटेनावाली वस्तू स्फोटकं शोधते म्हणून इराकला विकली. तिचं मूळ हरवलेला गोल्फचा चेंडू शोधायच्या गमतीच्या खेळण्यात होतं. बगदादच्या नाक्यांवर शिपाई ती हातात धरून गाड्या सोडत होते. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. पथकातला तो ओळखीचा माणूस ही गोष्ट ऐकून बराच वेळ गप्प बसला आणि मग फक्त म्हणाला, "अंजनच की."

सोनं शोधणारी खरी जाणती माणसं यंत्रावाचूनची. सराफाच्या दुकानातली राख आणि केर विकत घेऊन धुणारे झारेकरी. मध्य प्रांतात मंडला-बालाघाटकडे नदीची वाळू धुणारे सोनझरे, ज्यांची नोंद रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात केली आहे. त्यांचं सगळं शास्त्र वजनावर चालतं. परातीत वाळू घ्यायची, पाणी घालून हेलकावे द्यायचे, हलकं वाहून जातं, जड तळाशी काळी रेघ धरून बसतं आणि त्या रेघेत पिवळा कण शोधायचा. तो कण खसखशीपेक्षा बारीक. भाच्याच्या यंत्राला असे हजार कण पसरून ठेवले तरी कळणार नाहीत. काळी वाळू यंत्राची वैरी आणि झारेकऱ्याची वाटाडी.

आणि समुद्राचंच म्हणाल, तर एटापल्लीलाही समुद्र आहे, फक्त लांब आहे. बांडिया इंद्रावतीला मिळते, इंद्रावती सोमनूरला गोदावरीला, आणि गोदावरी आंध्रात काकिनाड्याच्या दक्षिणेला बंगालच्या उपसागरात. काकिनाड्याजवळ उप्पाडा नावाचं कोळ्यांचं गाव आहे. समुद्र ते वर्षानुवर्षं खातो आहे, घरं, देवळं पोटात गेली आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये निवार वादळ ओसरलं आणि तिथल्या किनाऱ्यावर सोन्याचे बारीक मणी, तुकडे मिळायला लागले. अख्खं गाव वाळूत बसलं. हातात यंत्र नाही, बायका बोटांनी वाळू विंचरत होत्या. समुद्रानं कुठली वाळू कधी उचलली हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असणार. भाच्यानं ही बातमी दहादा पाहिली. "मामा, आपलंच पाणी तिकडे जाते न," तो म्हणाला. मी हो म्हटलं. नाही कशाला म्हणायचं?

यंदा पाऊस उघडल्यावर आम्ही पुन्हा बांडियावर गेलो. आता भाचा आधी पाच मिनिटं नुसता चालतो, मग चार ठिकाणी बटण लावतो. घाटाच्या खालच्या अंगाला, जिथं पाणी वळतं, पडद्यावर सोनेरी घर पेटलं. आवाज स्वच्छ, एका जागी, चारही बाजूंनी फिरवलं तरी तोच. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर बसून हातानं वाळू काढली, मूठमूठ चकतीवर धरून पाहिली, आणि पाचव्या मुठीत ते आलं. गोल कोपऱ्यांचं चौकोनी, पांढुरकं, वाळूनं खरबरीत झालेलं पाच पैशांचं नाणं. ॲल्युमिनिअम. साल घासलं गेलेलं. २०११ मध्ये पंचवीस पैशांपर्यंतची सगळी नाणी सरकारनं बंद केली, तेव्हा ते बाजारात नेऊनही उपयोग नव्हता. भाच्याच्या वर्षभराच्या कमाईत आता हे एक नाणं, बैलाची दोन नालं, सायकलचे आरे आणि १४३ बुचं आहेत. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात नदीच्या एका घाटावर एवढी बुचं मिळतात, याची नोंद कुठल्याही सरकारी अहवालात सापडायची नाही.

गावात मात्र यंत्राचा बोभाटा झाला आहे. ट्रॅक्टरची पिन चिखलात गेली तर पोराला बोलावणं येतं. धानाच्या बांधीत हरवलेला विळा त्यानं दहा मिनिटांत काढून दिला. शेजारच्या वहिनींचं जोडवं घाटावर गेलं, ते दोन दिवस शोधूनही मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी ते त्यांच्याच पदराच्या गाठीत निघालं. परवा जारावंडीकडचा एक गुराखी विचारत विचारत आला. बैल रानातून आला, पण गळ्यातली घंटा कुठं तरी पडली, शोधून देतोस का, म्हणाला, काय घेशील ते घे. भाच्यानं यंत्र खांद्यावर टाकलं, चप्पल घातली, आणि पायरी उतरता उतरता विचारलं, घंटा कशाची, पितळेची की काशाची?

"सागाची," गुराखी म्हणाला.